सत्यवानाचा प्रश्न

वटपौर्णिमेला ज्याच्या आयुष्यासाठी वडाला सूत गुंडाळलं जातं, तो सत्यवान महाभारतात आणखी एका ठिकाणी भेटतो. वनपर्वातल्या सावित्रीच्या कथेत सगळं कर्तृत्व तिचं आहे. शांतिपर्वात मात्र तो स्वतः बोलतो, तेही राजा असलेल्या आपल्या वडिलांशी वाद घालत. द्युमत्सेनाच्या आज्ञेने काही माणसांना वधासाठी नेलं जातंय. ते पाहून सत्यवान म्हणतो की, कधी अधर्मच धर्माचं रूप घेऊन येतो हे खरं, पण माणसाला मारणं हा धर्म असूच शकत नाही. द्युमत्सेन राज्य चालवणारा माणूस. तो विचारतो, दस्यूंना मारायचं नाही, तर प्रजेचं रक्षण करायचं कसं?

मुलाचं उत्तर आजही थांबून ऐकावं असं आहे. एका दस्यूला मारलं की त्याच्याबरोबर त्याची आई, बाप, बायको, मुलं हीही मारली जातात, आणि त्यांनी तर काहीच केलेलं नसतं. शिवाय वाईट माणसालाही सज्जनाच्या सहवासात शील सापडू शकतं, वाईटाच्या पोटी चांगली संतती निपजते. म्हणून मुळापासून उपटून टाकू नये. द्युमत्सेन जुन्या काळाचा दाखला देतो. पूर्वी नुसता धिक्कार पुरायचा, मग कठोर शब्द लागू लागले, मग दंडाची वसुली आणि आता वध. माणसं बिघडत गेली तशी शिक्षा चढत गेली, असा त्याचा हिशेब आहे.

या बापलेकांच्या वादात बंधनाचा उल्लेख येतो तो ओझरता. आज मात्र शिक्षा म्हटलं की डोळ्यांसमोर तुरुंगच येतो. फाशी क्वचित होते, दंडाची रक्कम किरकोळ असते आणि ‘आत जाणं’ हाच शिक्षेचा प्रचलित अर्थ झाला आहे. त्यामुळे सत्यवानाचा प्रश्न आता वधाऐवजी कैदेला विचारायला हवा. माणसाला कोंडलं की नेमकं कोणाला कोंडलं जातं? आणि कोंडल्याने त्याच्यातलं वाईटपण सरतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही मध्यवर्ती कारागृहाच्या बाहेर सकाळी दिसतं. मुलाकातीसाठी आलेल्यांत बायाच जास्त. कोणी पहाटेच्या एसटीने आलेली असते, त्या दिवसाची मजुरी बुडवून. हातातल्या पिशवीत कपड्यांचे दोन जोड, साबण, आधार कार्डाची झेरॉक्स आणि वकिलाने दिलेला केस नंबर लिहिलेला, चार घड्या पडलेला कागद. खिडकीपाशी नाव नोंदवायचं, आवाज देईपर्यंत सावली बघून बसायचं. मग आत काच, काचेपलीकडे नवरा आणि दोघांच्या कानाला फोनचा रिसीव्हर. कडेवरच्या पोराला तो रिसीव्हर हवा असतो. ते बाईच्या हाताला झोंबतं आणि मोजून मिळालेली मिनिटं त्याला आवरण्यातच जातात. जामिनाचं काय झालं, म्हशीचं काय केलं, धाकटीची फी भरली का, एवढं कसंबसं बोलून होतं.

वाल्याची गोष्ट मराठी घरांत लहानपणीच ऐकायला मिळते. नारद त्याला विचारतो, हे पाप तू ज्यांच्यासाठी करतोस ते त्यात वाटेकरी होतील का? वाल्या घरी जाऊन विचारतो. आईबाप, बायको, मुलं सगळे नाही म्हणतात आणि तिथे त्याचे डोळे उघडतात. मुलाकातीच्या रांगेत ही गोष्ट उलटी होऊन बसलेली असते. पापात वाटा नसलेली माणसं शिक्षेत पुरती वाटेकरी झालेली असतात. आई कैदेत असेल तर सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्याबरोबर आत राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अशा मुलांच्या अन्नाचे, शिक्षणाचे, खेळाचे नियम घालून दिले. नियम चांगले आहेत. तरीही त्या मुलाचं जग सकाळी उघडणाऱ्या आणि संध्याकाळी बंद होणाऱ्या कुलपाच्या आतलंच असतं.

आणि आत असलेली ही माणसं आहेत तरी कोण? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. जागा होती ४,३६,२६६ जणांची. आत असलेल्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा गुन्हा सिद्ध झालेलाच नव्हता. तुरुंगाच्या बोलीत हे ‘कच्चे कैदी’, शिक्षा झालेले ते ‘पक्के’. म्हणजे दर चारांतले तीन कच्चे. आपल्या सगळ्या तुरुंगांत मिळून जेवढ्या माणसांची सोय आहे, जवळपास तेवढी माणसं नुसती निकालाची वाट पाहत आत आहेत.

हा आकडा कळल्यावर तुरुंगाबद्दलची तात्त्विक चर्चा आहे तशी पुढे नेता येत नाही. शिक्षा सुधारणेसाठी असावी की जरबेसाठी, हा प्रश्न पक्क्या कैद्यापुरता खरा. कच्च्याने पश्चात्ताप कशाचा करायचा? न केलेल्या गोष्टीचा? केलेली असली तरी न्यायालयाने अजून ‘तू केलंस’ असं म्हटलेलं नाही. त्याला कोणी शिक्षा दिलेली नसते, तरी ती तो भोगत असतो.

कौटिल्याला ही अडचण ठाऊक होती. अर्थशास्त्राचा कर्ता मऊ मनाचा म्हणून कोणी ओळखत नाही. हात-पाय तोडण्याच्या शिक्षाही त्याने तपशिलाने लिहून ठेवल्या आहेत. पण बंदीगृहाबद्दल तो सांगतो की, दररोज किंवा निदान दर पाच दिवसांनी ते साफ करावं, म्हणजे आतल्यांचा निकाल लावून त्यांना काम, दंड वा शारीरिक शिक्षा देऊन मोकळं करावं. राजाच्या जन्मनक्षत्राला आणि पौर्णिमेला लहान, म्हातारे, आजारी, अनाथ अशांना सोडावं. कैद्यांचा छळ करणाऱ्या, त्यांचं अन्नपाणी अडवणाऱ्या अधिकाऱ्यांनाही त्याने शिक्षा सांगितल्या आहेत. त्याच्या लेखी बंदीगृह ही प्रामुख्याने थांबवून ठेवायची जागा होती, आणि ती तुंबणं म्हणजे राज्यकारभार तुंबणं. अशोकाने तर आपल्या स्तंभलेखात कोरूनच ठेवलंय की, राज्याभिषेकानंतरच्या सव्वीस वर्षांत त्याने पंचवीस वेळा कैदी सोडले. ज्यांना वधाची शिक्षा झाली त्यांना तीन दिवसांची मुदत दिली, नातलगांना रदबदली करता यावी आणि त्यांना स्वतःला परलोकाची तयारी करता यावी म्हणून.

पाच दिवस ही कौटिल्याची मुदत. १९७९ मध्ये हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांतून अशी माणसं समोर आली, जी आपल्या आरोपाला होऊ शकणाऱ्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ खटल्याविना आत होती. त्याच्या आदल्या वर्षी मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. जामीन मिळाला होता, पण दहा हजारांचा जामीनदार हवा होता. भाऊ उभा राहिला, तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ती रक्कम हजारावर आणली आणि गरिबाला जामीन म्हणजे काय, यावर संतापून लिहिलं. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहणारी माणसं आजही आहेत. २०२२ च्या संविधान दिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू न्यायाधीशांसमोर त्यांच्याबद्दलच बोलल्या. घरची माणसं कोठडीत राहिलेल्याला सोडवायला जातच नाहीत, कारण सोडवण्यात भांडीकुंडीसुद्धा विकली जातील अशी भीती त्यांना असते, हे त्यांनी ओडिशातल्या अनुभवावरून सांगितलं.

आता पक्क्या कैद्याकडे वळू. खरा धर्मप्रश्न तिथे आहे.

आपल्या धर्मशास्त्राने पाप निस्तरण्याच्या दोन वाटा वेगळ्या ठेवल्या होत्या, दंड आणि प्रायश्चित्त. दंड राजाचा, प्रायश्चित्त ज्याचं त्याचं. भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात दोन्हींचा पसारा मांडून ठेवला आहे. मनुस्मृतीत या वाटा एका ठिकाणी एकमेकींना भेटतात. राजाने ज्याला शिक्षा केली तो पापातून मोकळा होतो आणि पुण्यवंतासारखाच स्वर्गाला जातो, असं तिथे म्हटलं आहे. त्याच मनुस्मृतीत वर्णाप्रमाणे शिक्षा बदलते, एकाच गुन्ह्याला एकाला दंड तर दुसऱ्याला अंगच्छेद, आणि तो भाग कुठल्याही मोजमापाने अन्यायाचाच आहे. पण शिक्षा भोगली की हिशेब मिटला, ही कल्पना त्या अन्यायातून वेगळी काढून जपण्यासारखी आहे. आजचा समाज तीच विसरला आहे. सात वर्षं भोगून बाहेर आलेल्याला घर भाड्याने मिळत नाही, पोलीस व्हेरिफिकेशनच्या एका ओळीवर नोकरी जाते. कायद्याने संपलेली शिक्षा गल्लीत चालूच राहते.

मनूचं आणखी एक वचन मात्र आपण विसरलो नाही. बंदीगृहं राजमार्गावर बांधावीत, म्हणजे दुःखी, विद्रूप झालेले अपराधी येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसतील, असं तो सांगतो. जरब बसवण्यासाठी. बेड्या घातलेल्या आरोपीची भर बाजारातून काढलेली धिंड पाहताना मोबाइल वर धरणारी गर्दी त्याच विचाराची असते.

जरब बसते का? चेझारे बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच मांडलं होतं की, माणूस शिक्षेच्या क्रूरतेपेक्षा तिच्या निश्चितपणाला घाबरतो. पकडले जाऊ, खटला वेळेत चालेल, शिक्षा होईल याची खात्री असेल तर सहा महिनेही पुरतात. खात्री नसेल तर जन्मठेपही पुस्तकातच राहते. ज्या व्यवस्थेत चारांतले तीन कैदी निकालाची वाट पाहतायत, तिथे ही खात्री कोणालाच नाही. गुन्हेगाराला नाही आणि ज्याचं वाटोळं झालं त्यालाही नाही.

तुरुंगालाच शिक्षा बनवण्याची कल्पना आपल्याकडे पश्चिमेकडून आली, आणि तिचं मूळही धार्मिकच आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या क्वेकर पंथीयांना फटके आणि फाशी पाहवेना. माणसाला एकट्याला खोलीत ठेवलं, हाती बायबल दिलं, भोवती शांतता ठेवली, तर त्याचा विवेक जागा होईल आणि तो प्रायश्चित्त करील, अशी त्यांची मनापासूनची श्रद्धा होती. त्यातून १७९० मध्ये तिथल्या वॉलनट स्ट्रीट तुरुंगात एकांतकोठड्या आल्या आणि १८२९ मध्ये ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी उभी राहिली. तुरुंगाचं हे इंग्रजी नावच मुळी प्रायश्चित्तावरून पडलंय. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स तो तुरुंग पाहून आला आणि हादरला. ज्यांनी ही व्यवस्था रचली त्यांचा हेतू दयेचा होता हे त्याने मान्य केलं, पण मनाची अशी रोजची संथ छळणूक शरीराच्या कुठल्याही छळाहून वाईट आहे, असं लिहिलं. दयाळू माणसांनी प्रायश्चित्तासाठी बांधलेल्या खोल्यांत माणसं भ्रमिष्ट होत होती.

चूक कुठे झाली, हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण आपण अजून त्याच चुकीत राहतो. प्रायश्चित्त हे करणाऱ्याचं काम आहे. त्याला कर्ता लागतो. कधी उठायचं, काय खायचं, कुठे बसायचं, दिवा कधी मालवायचा, हे सगळं दुसरा ठरवतो तिथे माणूस कर्ता उरतच नाही. तो आज्ञा पाळायला शिकतो किंवा चुकवायला शिकतो. दारामागे वाट पाहणारं कोणी नाही, ज्याचं नुकसान केलं तो समोर कधीच येत नाही, हाताने भरपाई करायची सोय नाही. अशा जागी पश्चात्ताप झालाच, तर तो तुरुंगाला न जुमानता होतो.

गांधीजींनी यावर वेगळा तोडगा सुचवला. येरवड्यात त्यांनी वर्षं काढली होती, तुरुंग त्यांनी आतून पाहिला होता. गुन्हा हा आजार आहे आणि तुरुंग हे इस्पितळ व्हावं, असं त्यांचं म्हणणं. करुणेच्या अंगाने पाहिलं तर याहून चांगलं वचन सापडणार नाही. पण ही उपमा शेवटपर्यंत नेली तर अडचण येते. रोग्याला बरा होईपर्यंत इस्पितळात ठेवतात, आणि बरा झाला की नाही हे डॉक्टर ठरवतो. मग शिक्षेला मुदत कसली? शिवाय रोग्याचा दोष नसतो. ज्याने कोणाचा तरी बाप मारला त्याला ‘तू आजारी होतास’ म्हटलं, तर त्याच्यावर दया केली जाते, पण त्याचं माणूसपण थोडं काढूनही घेतलं जातं. ‘मी केलं’ असं म्हणण्याचा त्याचा हक्क जातो. आणि ज्यांचा बाप गेला त्यांना तर हे ऐकवणारच नाही.

याहून खोल उत्तर मज्झिम निकायातल्या अंगुलिमाल सुत्तात आहे. मारलेल्यांच्या बोटांची माळ घालणारा दरोडेखोर बुद्धाला भेटतो आणि भिक्षू होतो, इथपर्यंतची गोष्ट सर्वांना माहीत असते. पुढची क्वचितच सांगितली जाते. कोसलचा राजा पसेनदी पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघालेला असतो. वाटेत तो बुद्धाकडे थांबतो. बुद्ध त्याला विचारतो, अंगुलिमाल मुंडन करून, काषाय वस्त्रं घालून, हिंसा सोडून बसलेला दिसला तर काय कराल? राजा म्हणतो, वंदन करू, वस्त्र-भिक्षा देऊ. बुद्ध हात लांब करून दाखवतो, हा पाहा. राजा थरथरतो, मग त्याला वस्त्रं देऊ करतो आणि कबूल करतो की, आम्हाला शस्त्रांनी आणि दंडाने जे जमलं नाही ते तुम्ही त्यांच्याविना केलंत. तो घोडेस्वारांसह परत फिरतो. तुरुंग नाही, साखळी नाही.

पण सुत्त इथे संपत नाही. अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा त्याला ढेकळं लागतात, काठ्या लागतात, खापऱ्या लागतात. डोकं फुटून रक्ताने माखलेला, भिक्षापात्र फुटलेलं, चीवर फाटलेलं, असा तो बुद्धाकडे येतो. बुद्ध त्याला म्हणतो, सोस. ज्या कर्माचं फळ दीर्घकाळ नरकात भोगावं लागलं असतं ते तू इथेच भोगतोयस. ज्यांची माणसं मारली गेली त्या नगरीचा राग या गोष्टीत खोटा ठरवलेला नाही. राजाने माफ केलं म्हणून लोकांनी विसरावं, असं कोणी म्हणत नाही. अंगुलिमाल पळून जात नाही, उलटून मारत नाही, त्याच माणसांच्या नगरीत भिक्षेला उभा राहतो. याच सुत्तात प्रसूतीत अडलेल्या बाईसाठी तो सत्यवचन उच्चारतो आणि ती सुखरूप सुटते. जीव घेणाऱ्या माणसाच्या शब्दाने एक जीव जन्माला येतो. फेड म्हणतात ती हीच.

आपल्या न्यायव्यवस्थेत नेमकी हीच भेट होत नाही. गुन्हा एका माणसाने दुसऱ्याविरुद्ध केलेला असतो, पण खटला शासन विरुद्ध आरोपी असा चालतो. ज्याच्यावर अन्याय झाला तो साक्षीदार होऊन उरतो. तारखांना येतो, उलटतपासणीत अपमान सोसतो, शेवटी वर्तमानपत्रात निकाल वाचतो. आरोपीला दहा वर्षं झाली तरी पीडिताच्या घरचा कमावता माणूस परत येत नाही आणि किराणा दुकानाची उधारी फिटत नाही. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांना कामाचा न्याय्य मोबदला द्यायला सांगितलं, तेव्हा त्यातला काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढण्याची व्यवस्था करावी असंही म्हटलं होतं. वाल्याच्या आणि अंगुलिमालाच्या देशात हा विचार तुरुंगाच्या केंद्रस्थानी असायला हवा होता. तो कडेला राहिला.

नव्या भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, थोडी फट पडली आहे. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि चोरलेली वस्तू वा तिची किंमत परत केलेली, असं असेल तर तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा. किरकोळ चोरीचं प्रायश्चित्त सांगताना मनुस्मृतीनेही आधी वस्तू परत करायला लावली आहे, मग व्रत. इतक्या जुन्या शहाणपणाला कायद्यात यायला वेळ लागला, पण ते आलं हे चांगलं झालं.

परंपरेने वाल्याला ऋषी होण्याची वाट ठेवली होती. वसाहतीच्या कायद्याने मात्र ती बंद केली. पुण्यात येरवड्याचं मध्यवर्ती कारागृह उभं राहिलं ते १८७१ मध्ये, आणि गुन्हेगार जमाती कायदाही त्याच वर्षीचा. मुंबई इलाख्यात तो १९११ पासून लागू झाला. पारधी, उचले, कैकाडी अशा जमातींचं मूल जन्मतःच गुन्हेगार. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड पिढ्या वाढल्या, हजेरी देत. १९५२ मध्ये हा कायदा गेला, पण लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये आलं तेव्हा मराठी वाचकाला कळलं की शिक्का काही पुसलेला नाही. ज्याला काही करण्याआधीच चोर ठरवलं, त्याने पश्चात्ताप करायचा तो जन्माला आल्याचा. अगदी ३ ऑक्टोबर २०२४ ला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तुरुंगात सफाई खालच्या मानलेल्या जातींना आणि स्वयंपाक वरच्यांना, हे चालणार नाही, आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका. ज्या संस्थेवर माणूस सुधारण्याचं काम सोपवलंय, तिच्या नियमपुस्तकांत स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षं हे छापलेलं होतं.

आणि तरीही महाराष्ट्रातच, सध्याच्या सांगली जिल्ह्यात, या सगळ्याला दिलेलं एक उत्तर उभं आहे.

औंध हे छोटं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराच्या प्रचारासाठी आणि औंधच्या चित्रसंग्रहासाठी ओळखले जातात. १९३८-३९ च्या सुमारास त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने आपले अधिकार प्रजेच्या हाती सोपवले. या कामात त्यांच्याबरोबर होते त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि एक पोलिश इंजिनिअर, मॉरिस फ्रीडमन. भारतात येऊन त्याने भारतानंद हे नाव घेतलं होतं. याच काळात आटपाडीजवळच्या माळावर संस्थानच्या कैद्यांची एक वसाहत वसली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं तिथे भिंतीविना ठेवली. शेती करायची, पिकवायचं, आणि मुख्य म्हणजे बायकामुलांसह राहायचं. नाव ठेवलं स्वतंत्रपूर.

नावातच धाडस आहे. कैद्यांच्या वस्तीला ‘स्वतंत्र’ म्हणायचं. पण तिथे केलं काय, तर फिलाडेल्फियाने जे जे काढून घेतलं होतं ते ते परत दिलं. एकांताच्या जागी संसार. आज्ञेच्या जागी शेताचं काम, ज्यात पेरणी चुकली तर ओरडायला जेलर लागत नाही, रान स्वतःच सांगतं. भिंतीच्या जागी शब्द. सत्यवान म्हणाला होता की एकाला मारलं की त्याची आई, बायको, मुलंही मारली जातात. इथे त्यांनाच सुधारणेच्या मध्यभागी आणून बसवलं. माणसाला पळून जायचं तर कोणाकडे जाणार? त्याचं घर तिथेच होतं.

त्याच परिसरातल्या माडगूळचे ग. दि. माडगूळकर. स्वतंत्रपूरच्या प्रयोगावरून सुचलेल्या त्यांच्या कथेवर व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि सहा खुनी कैद्यांना घेऊन माळरान पिकवणारा जेलर आदिनाथ जगभर पोचला. पुढच्या वर्षी बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. चित्रपटात सगळा भार जेलरच्या दोन डोळ्यांवर आहे, त्याची नजर कैद्यांना सावरते. प्रत्यक्ष स्वतंत्रपूरचं मर्म मात्र वेगळं वाटतं. कोणा एका संताच्या नजरेवर ते टिकलं नाही. संस्थान विलीन झालं, राजे गेले, फ्रीडमन गेले, तरी वसाहत महाराष्ट्र कारागृह विभागाकडे चालू राहिली.

फक्त ती वाढली नाही. स्वतंत्रपूरची क्षमता जेमतेम २८ कैद्यांची. येरवड्याची २,४४९, आणि आत त्याच्या दुपटीहून जास्त. राजस्थानात सांगानेरला डॉ. संपूर्णानंदांच्या नावाची खुली वसाहत आहे. तिथले कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा गावात जाऊन मजुरी करतात, संध्याकाळी हजेरीला परततात आणि आपली पंचायत आपणच चालवतात. चंबळमध्ये १९६० साली विनोबांपुढे वीस दरोडेखोरांनी शस्त्रं ठेवली. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांच्या पुढाकाराने शेकडोंनी जौऱ्याला गांधीजींच्या तसबिरीसमोर बंदुका ठेवल्या आणि त्यांतल्या अनेकांना मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात ठेवलं गेलं. तिहारमध्ये १९९४ मध्ये हजारावर कैदी गोएंका गुरुजींच्या विपश्यना शिबिरात बसले. प्रत्येक वेळी ते पाहून देश भारावला, आणि प्रत्येक वेळी पुढचा तुरुंग पुन्हा उंच भिंतीचाच बांधला.

भिंत अजिबात नकोच, असं कोणी प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. काही माणसं अशी असतात की त्यांना मोकळं सोडणं म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी बळी देणं. मुलींवर हात टाकणारा, टोळी चालवणारा, सुपारी घेणारा यांना थांबवणं हे राज्याचं कर्तव्यच आहे, आणि द्युमत्सेन तिथे बरोबर आहे. पण थांबवणं वेगळं आणि सुधारणं वेगळं. तुरुंग पहिलं काम करू शकतो. दुसरं त्याच्याकडून होत नाही, तरी महाराष्ट्राच्या कारागृह विभागाच्या ब्रीदात ‘सुधारणा व पुनर्वसन’ हेच शब्द आहेत. ते शब्द खरे करायचे असतील तर ज्यांना भिंतीची गरज नाही त्यांना भिंतीमागून काढावं लागेल. कच्च्यांना आधी, मग वय झालेल्यांना, मग ज्यांनी वर्षानुवर्षं शब्द पाळलाय त्यांना. हे काम दयेच्या लाटेवर ढकलून चालणार नाही, ते आटपाडीसारखं जमिनीच्या सात-बाऱ्यावर आणि अंदाजपत्रकाच्या रकान्यात यावं लागेल.

शब्द पाळण्याची परीक्षा कायद्यात आजही आहे. पक्क्या कैद्याला संचित रजा आणि अभिवचन रजा मिळते. फर्लो आणि पॅरोल ही नावं गावात जास्त चालतात. काही जण रजेवर जाऊन फरार होतात, आणि त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रात छापून येतं. पुष्कळ जण परत येतात, आणि त्याची बातमी होत नाही. अशा एकाचे रजेचे दिवस संपतात. गावातून निघताना बायको भाकरी बांधून देते, आई दारात थांबते, धाकटा एसटी स्टँडपर्यंत सोडायला येतो. दुपारी तो कारागृहाच्या मोठ्या दरवाजापुढे उभा राहतो. त्याला आणायला कोणी पोलीस गेलेला नसतो. मोठ्या दरवाजातली छोटी दिंडी उघडण्यासाठी तो स्वतःच कडी वाजवतो, आतला शिपाई नाव विचारतो, आणि तो आपलं नाव सांगतो.